रक्तांतील निरोप्ये आणि मुक्या जनावरांची स्मृति

पुणें-सोलापूर लोहमार्गावर जेऊर आणि कुर्डुवाडी या स्थानकांच्या दरम्यान केम हें गांव लागतें. करमाळा तालुक्यांतील हें गांव दोन गोष्टींसाठीं प्रसिद्ध आहे; एक तेथील उत्तरेश्वराचें देवालय व दुसरी तेथील कुंकवाचा धंदा. हळद मूळची पिवळी. तिला क्षाराचा स्पर्श झाला कीं ती लाल होते, आणि त्याच लाल हळदीवर लिंबूं पिळलें कीं ती पुन्हां पिवळी होते. हळद तीच असते. चिमूटभर परक्या द्रव्यानें तिचा रंग मात्र पालटतो. आजच्या लेखाचा विषय कुंकूं हा नाहीं. परंतु जी गोष्ट आम्हांस सांगावयाची आहे तिला याहून सोपा दृष्टांत सांपडला नाहीं, म्हणून प्रारंभींच तो देऊन ठेवीत आहों.

गेल्या सुगींत केम येथें एका स्नेह्यांच्या शेतावर आमचा चार दिवस मुक्काम होता. दारांत ट्रॅक्टर आला असला तरी त्या घरानें खिलारी बैलांची एक जोडी अद्याप राखली आहे. पांढरी अंगकांति, मागें वळलेलीं लांब शिंगें, आणि कासरा किंचित् हलतांच पाऊल उचलणारी ती जोडी पाहून कोणाचेंहि मन प्रसन्न व्हावें. या जोडीपासून दूर, लिंबाच्या झाडाशीं, एक तीन वर्षांचा खोंड मात्र दुहेरी दाव्यानें बांधलेला होता. घरांतील वृद्ध गृहस्थ त्याला वैरण टाकीत होते. "आबा, हा अजून शिकला नाहीं काय?" असें आम्हीं विचारलें. ते म्हणाले, "शिकलाय की मास्तर, समदं शिकलाय. थांब म्हटलं की थांबतोय, वळ म्हटलं की वळतोय. पर गाय दिसली का शिकिवल्यालं समदं इसरतोय." मग थोडा वेळ थांबून, जणूं आपल्याच बोलण्यांत कांहीं खोट सांपडल्याप्रमाणें, ते पुढें म्हणाले, "इसरत न्हाई म्हना. ध्यानात असतंय त्येच्या. पर मन थाऱ्यावर नसतंय."

विसरणें निराळें आणि मन थाऱ्यावर नसणें निराळें, हा भेद त्या वृद्धानें एका वाक्यांत केला. शरीरांतील ग्रंथींतून रक्तांत मिसळणाऱ्या ज्या सूक्ष्म द्रव्यांस आज आपण हॉर्मोन अथवा संप्रेरक म्हणतों, त्यांचा जनावराच्या शिकण्याशीं व स्मृतीशीं संबंध कोणता, या प्रश्नाचें मर्म याच भेदांत आहे. युरोप व अमेरिकेंतील प्रयोगशाळांना तो भेद सिद्ध करण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. त्या वर्षांचा हा वृत्तांत आहे. आणि तो सांगतांना आपल्या गोठ्यांतील, रानांतील व जुन्या ग्रंथांतील साक्षी बाजूस ठेवण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं.

बैल ही निसर्गाची निर्मिति नव्हे. ती माणसाची आहे. निसर्ग वळू निर्माण करतो. त्याचा बैल माणूस करतो. ही विद्या किती जुनी आहे हें पाहावयाचें तर ऋग्वेदापर्यंत जावें लागतें. पौरुष नष्ट केलेल्या पशूसाठीं 'वध्रि' हा शब्द तेथें आलेला आहे, आणि तो 'वृषन्' म्हणजे समर्थ नर याच्या उलट अर्थानें आला आहे. करमाळ्याला लागूनच असलेल्या आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत दायमाबाद येथें १९७४ सालीं ज्या प्राचीन ब्राँझच्या मूर्ति सांपडल्या, त्यांत दोन बैल जुंपलेला एक रथ आहे. जुवाखालीं मान देणारें जनावर दख्खनच्या पठारावर किती पुरातन आहे याची ती साक्ष होय. आमच्या भाषेनेंहि हा सारा इतिहास शब्दांत साठविला आहे. वासरूं, गोऱ्हा, खोंड, वळू आणि बैल हे पांच शब्द एकाच नराच्या निरनिराळ्या अवस्था दाखवितात. आणि त्यांतील शेवटची अवस्था वयानें येत नाहीं, ती आणावी लागते.

ती आणण्याची जुनी रीत क्रूर होती. खोंडाला आडवा पाडून, चारी पाय बांधून, दगडालाकडाच्या साह्यानें त्याच्या वृषणाच्या शिरा ठेचून टाकीत. 'बडविणें' हा त्यासाठींचा शब्दच पुरेसा बोलका आहे. विसाव्या शतकांत बुर्डिझ्झो नांवाच्या इटालियन पशुवैद्याचा चिमटा आला. त्यानें कातडी न फाडतां आंतील शिरा चिरडल्या जातात, आणि जनावरांच्या दवाखान्यांतून आतां हेंच काम कमी हालांत होतें. परंतु रीत कोणतीहि असो, तिच्या परिणामांविषयीं शेतकऱ्याचें निरीक्षण सूक्ष्म होतें. फार लहानपणीं खच्ची केलेला बैल मानेंत व वशिंडांत भरत नाहीं. फार उशिरां केला तर अंगाने भरतो, पण वळूपणाच्या खोडी त्याच्यांतून पुरत्या जात नाहींत. या दुसऱ्या निरीक्षणाकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. शरीरांतून जें काढावयाचें तें तर दोन्ही वेळां सारखेंच काढलें. मग उशिरां काढल्यावर खोडी कां राहाव्या? याचें उत्तर पुढें येईल.

ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल यानें आपल्या प्राण्यांवरील ग्रंथांत हाच विषय कोंबड्यांविषयीं लिहून ठेविला आहे. खच्ची केलेल्या कोंबड्याचा तुरा फिका पडतो, तो आरवेनासा होतो आणि कोंबडीच्या मागें लागत नाहीं, असें तो सांगतो. आमच्याकडे हत्तीविषयीं असेंच निरीक्षण झालें. सोलापूरचा प्रदेश ज्यांच्या राज्यांत होता त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसऱ्या सोमेश्वरानें इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचिला. श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेल्या या ग्रंथाचा पहिला भाग बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९२५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत हत्तींच्या जाति, त्यांना धरणें व माणसाळविणें, आणि त्यांचा मद यांविषयीं विवेचन आहे. मद चढलेल्या हत्तीच्या गंडस्थळावरून स्राव वाहूं लागतो. ज्या माहुताच्या हातचें त्यानें दहा वर्षें खाल्लें त्याचीहि आज्ञा तो मानीत नाहीं. कोल्हापुरांत शाहू छत्रपतींच्या कारकीर्दींत (१८९४ ते १९२२) साठमारीचा जो खेळ होई, त्यांत हत्तीच्या या मस्तीलाच मैदानांत सोडीत.

परंतु प्रत्येक माहुताला ठाऊक असलेली एक गोष्ट विशेष आहे. मद उतरला कीं तोच हत्ती त्याच शब्दांना पूर्वींप्रमाणेंच वश होतो. त्याला पहिल्यापासून शिकवावें लागत नाहीं. १९७२ सालीं सिंहलद्वीपांत पाळीव हत्तींचें रक्त तपासण्यांत आलें, तेव्हां मदाच्या काळांत टेस्टोस्टेरॉन या पुंसंप्रेरकाचें प्रमाण एरवींच्या कित्येक पट वाढतें असें दिसून आलें. शिकवण म्हणजे हळद, मद म्हणजे क्षार. रंग पालटला, हळद गेली नाहीं.

हें क्षारासारखें कांहीं द्रव्य आहे व तें रक्तांतून फिरतें, ही कल्पना प्रथम प्रयोगानें सिद्ध करणारा पुरुष म्हणजे जर्मनींतील गॉटिंगेन येथील अध्यापक आर्नोल्ड बेर्टोल्ड. त्यानें सहा कोंबडे घेतले. दोघांचे दोन्ही वृषण काढून टाकले. ते मोठे झाले तरी त्यांचा तुरा वाढला नाहीं, ते आरवले नाहींत, भांडले नाहींत. उरलेल्यांचे वृषण त्यांच्या मूळ जागेवरून सुटे केले, पण एक वृषण पोटाच्या पोकळींत राहूं दिला. कांहींच्या पोटांत त्यांचा स्वतःचा, तर कांहींच्या पोटांत दुसऱ्या कोंबड्याचा. हे कोंबडे मात्र सर्व प्रकारें कोंबडेच झाले. पुढें त्यांचीं शरीरें उघडून पाहतां त्या वृषणाला नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या, परंतु मूळच्या मज्जातंतूंशीं त्याचा कांहीं संबंध उरला नव्हता. तेव्हां जो परिणाम झाला तो तंतूंवाटे नसून रक्तावाटेंच झाला असला पाहिजे, असें बेर्टोल्डनें १८४९ सालीं लिहिलें. चार पृष्ठांच्या या निबंधाकडे पुढें जवळजवळ अर्धें शतक कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. थोर शोधांच्या वांट्याला असें दुर्लक्ष पुष्कळदां येतें.

१९०२ सालीं लंडनमध्यें बेलिस व स्टार्लिंग या जोडीनें आंतड्यांतून रक्तांत उतरून दुसऱ्या ग्रंथीला जागें करणारें एक द्रव्य दाखवून दिलें, आणि १९०५ सालीं स्टार्लिंगनें अशा द्रव्यांना 'हॉर्मोन' हें नांव दिलें. 'चेतविणें' या अर्थाच्या ग्रीक धातूपासून तें बनलें आहे. एका अवयवाचा निरोप रक्तांतून दुसऱ्या अवयवाला पोंचविणारे हे निरोप्ये होत. ज्या निरोप्याच्या अभावीं खोंडाचा बैल होतो, तो हातीं लागण्यास आणखी तीस वर्षें जावीं लागलीं. १९३५ सालीं ॲम्स्टरडॅम येथें अर्न्स्ट लाकूर यांच्या सहकाऱ्यांनीं वळूंच्या सुमारें १०० किलो वृषणांतून अवघें १० मिलिग्रॅम शुद्ध टेस्टोस्टेरॉन काढलें. मोहरीच्या चारदोन दाण्यांच्या वजनाइतक्या या द्रव्यापायीं केवढा पसारा! त्याच वर्षीं बुटेनान्ट व रुझिच्का यांनीं तें प्रयोगशाळेंत तयार केलें, आणि १९३९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्या दोघांत विभागलें गेलें.

निरोप्या सांपडला, पण तो स्मृतीला काय सांगतो हा प्रश्न राहिलाच. अमेरिकन शास्त्रज्ञ फ्रँक बीच यानें १९४८ सालीं 'हॉर्मोन्स अँड बिहेविअर' हा ग्रंथ लिहून या प्रश्नाला स्वतंत्र शास्त्राचें रूप दिलें. पुढें १९५८ सालीं रोझेनब्लॅट व ॲरन्सन यांनीं बोक्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले, आणि आम्हीं वर राखून ठेविलेल्या प्रश्नाचें उत्तर त्यांतून मिळालें. ज्या बोक्यांना मांजरीच्या सहवासाचा अनुभव होता, त्यांचा नरधर्म खच्ची केल्यावरहि दीर्घ काळ टिकून राहिला. ज्यांना तो अनुभव नव्हता त्यांचा मात्र लवकरच मावळला. म्हणजे संप्रेरक नाहींसें झालें तरी त्याच्या सत्तेखालीं जें अंगवळणीं पडलें तें त्याच्याबरोबर नाहींसें होत नाहीं. उशिरां खच्ची केलेल्या बैलाच्या खोडी कां जात नाहींत हें यावरून उमगतें. खोड म्हणजे एक प्रकारची स्मृतिच.

याच्या उलट, संप्रेरक नसतांना स्मृति साठविली जाते काय? याचें उत्तर पांखरांनीं दिलें, आणि त्या पांखरांचा विचार करूं लागलें कीं प्रथम आपल्या सुगरणीची आठवण होते. विहिरीवर वांकलेल्या बाभळीच्या फांद्यांना लोंबणारे तिचे खोपे कोणीं पाहिले नाहींत? भाषेनें येथें एक गंमत केली आहे. आपण तिला 'सुगरण' असें स्त्रीलिंगी नांव दिलें. पण खोपा विणतो तो नर. १९३० सालीं अलिबागजवळच्या किहीम गांवीं राहून सलीम अली यांनीं या पक्ष्यांचा संसार बारकाईनें पाहिला, आणि दुसऱ्या वर्षीं मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या नियतकालिकांत तो सविस्तर मांडला. नर अर्धा खोपा विणून थांबतो. माद्या येऊन तपासून जातात. एखादीला पसंत पडला कीं ती तेथें राहते व नर तो पुरा करतो. आणि मग तो दुसरा खोपा विणावयास घेऊन दुसरी गृहिणी शोधूं लागतो!

हें विणकाम ऋतूचें आहे. पाऊसकाळ जवळ आला कीं मेंदूच्या तळाशीं असलेल्या पोष ग्रंथीचे निरोप सुटूं लागतात, वृषण वाढतात, नराच्या डोक्यावर व छातीवर पिवळा रंग चढतो आणि तो पानांचे धागे काढूं लागतो. हंगाम सरला कीं रंग उतरतो, चोंच स्वस्थ बसते, आणि नर-मादी ओळखूं येईनासे होतात. पण विणकाम हें नुसतें ऋतूचें देणें नव्हे. सुगरणीच्याच कुळांतील एका आफ्रिकन पक्ष्यावर निकोलस व एल्सी कॉलिअस या दांपत्यानें केलेले प्रयोग १९६४ सालीं प्रसिद्ध झाले. ज्या पिलांना लहानपणापासून गवताची काडीहि मिळूं दिली नाहीं, तीं मोठीं झाल्यावर विणकामांत मागें पडलीं. ज्यांनीं बालपणीं काड्या ओढूनताणून खेळ केला, त्यांना तें साधलें. संप्रेरक चोंचीला 'वीण' म्हणून सांगतें. कसें विणावयाचें हें सवयीनेंच यावें लागतें.

गाणाऱ्या पक्ष्यांनीं ही गोष्ट अधिक स्पष्ट केली. पीटर मार्लर व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंतील दोन जातींच्या चिमण्यांचे नर लहानपणींच खच्ची केले व त्यांना प्रौढांचें गाणें ऐकविलें. १९८८ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, या पिलांनीं गाणें ऐकलें, मनांत साठविलें, अडखळत गुणगुणूनहि पाहिलें. पण त्यांचें गाणें कधीं पक्कें झालें नाहीं. पुढें त्यांना टेस्टोस्टेरॉन देतांच तें पक्कें झालें. गाणें आधींपासून आंत होतेंच! त्याआधींच न्यूयॉर्कमध्यें फर्नांडो नोटेबॉम यांनीं कॅनरी पक्ष्याच्या मेंदूंतील गाण्याचीं केंद्रें मोजलीं, तेव्हां तीं वसंतांत शरदापेक्षां पुष्कळच मोठीं असतात असें आढळलें. त्यांपैकीं एक तर जवळजवळ दुप्पट. प्रौढ मादीला टेस्टोस्टेरॉन दिलें असतां तिच्याहि मेंदूंतील हीं केंद्रें वाढलीं आणि ती गाऊं लागली. प्रौढ मेंदू हा घडून गेलेला दगड आहे, ही जुनी समजूत ज्या शोधांनीं ढांसळली त्यांत हा एक होता.

येथवर संप्रेरकाची सत्ता शिकवणीवर कशी चालते हें पाहिलें. परंतु सत्तेचा ओघ उलट दिशेनेंहि वाहतो. शिकवणहि संप्रेरकाला हुकूम करते. याचें उदाहरण प्रत्येक गोठ्यांत सकाळसंध्याकाळ घडतें, आणि त्याला मराठींत 'पान्हा' असा गोड शब्द आहे. वासरानें आंचळाला तोंड लावलें कीं तो निरोप मज्जातंतूंनीं मेंदूकडे जातो, पोष ग्रंथीच्या मागील भागांतून ऑक्सिटोसीन नांवाचें संप्रेरक रक्तांत उतरतें, आणि कासेंतील दूध आंचळांत येतें. पण अनुभवी गाईला वासराचीहि वाट पाहावी लागत नाहीं. चरवीचा आवाज झाला, रोजचें माणूस शेजारीं बसलें, कीं तिला पान्हा फुटतो. चरवीच्या आवाजांत दूध उतरविण्याचा कोणताहि नैसर्गिक गुण नाहीं. तो गाईनें शिकलेला संकेत आहे, आणि त्या शिकलेल्या संकेतानें रक्तांतील निरोप्या धांवतो.

परका माणूस धारेला बसला तर हीच गाय पान्हा चोरते. 'चोरते' या शब्दांत आपण तिच्यावर लबाडीचा आरोप करतों, पण तो अन्याय आहे. १९४१ सालीं अमेरिकेंत ईली व पीटरसन यांनीं याचा उलगडा केला. त्यांनीं धारेच्या वेळीं गाईच्या पाठीवर मांजर ठेवलें आणि दर दहा सेकंदांनीं कागदी पिशव्या फोडल्या! बिचारी घाबरली व दूध अडलें. भयाबरोबर मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रिनलीन सुटतें. तेंच द्रव्य सुईनें टोंचलें तरीहि दूध अडतें, असें त्यांना दिसलें. पुढें १९९९ सालीं रशेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आणखी एक पाऊल टाकलें. त्यांच्या गाईंना एका माणसानें प्रेमानें व दुसऱ्यानें दांडगाईनें वागविलें होतें. दांडगा माणूस धारेच्या वेळीं नुसता जवळ उभा राहिला तरी कासेंत न उतरलेलें दूध अधिक उरे. त्यानें त्या वेळीं कांहींच केलें नव्हतें. गाईला तो आठवत होता, एवढेंच. आज कांहीं ठिकाणीं हा सारा स्नेहसंबंध वगळून ऑक्सिटोसीनची सुई टोंचून दूध काढण्याचा प्रकार चालतो. दूध वाढविण्यासाठीं जनावराच्या प्रकृतीला अपाय होईल अशी सुई टोंचणें हा १९६० च्या पशुक्रूरता-प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे.

आतां भय आणि स्मृति यांचा संबंध पाहूं. कारण जनावरांना वागविणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची गोष्ट येथेंच आहे. १९७५ सालीं अमेरिकेंतील गोल्ड व व्हॅन बस्कर्क यांनीं उंदरांना एका जागीं पाय टाकतांच विजेचा हलका धक्का दिला व लगेच ॲड्रिनलीन टोंचलें. धक्का इतका सौम्य होता कीं एरवीं दुसऱ्या दिवशीं तो फारसा लक्षांत राहिला नसता. परंतु ॲड्रिनलीन दिलेले उंदीर त्या जागेपासून कटाक्षानें दूर राहिले. तीच सुई कांहीं तासांनीं दिली तर परिणाम झाला नाहीं. मात्रा फार वाढविली तर स्मृति उलट बिघडली. म्हणजे अनुभव घडल्यावर कांहीं काळ त्याची स्मृति ओल्या मातीसारखी असते, आणि त्या वेळीं रक्तांत भयाचा निरोप असेल तर ठसा खोल उमटतो. एकदां एका विशिष्ट ओढ्याशीं बुजलेला बैल वर्षानुवर्षें त्याच ओढ्याशीं कां अडतो हें गाडीवानांना पडलेलें कोडें आहे. तो हट्टी नसतो. त्याच्या स्मृतीवर तो ओढा खोल उमटलेला असतो, असें आम्हांस वाटतें.

परंतु भय जसें ठसा खोल करतें तसेंच तें साठविलेल्या गोष्टीचें दारहि लावून टाकतें. १९६८ सालीं ब्रूस मॅकईवेन यांनीं अधिवृक्क ग्रंथीचें कॉर्टिकोस्टेरोन हें द्रव्य उंदराच्या मेंदूंत नेमकें कोठें धरून ठेविलें जातें हें दाखविलें. तो भाग म्हणजे स्मृतीचें मुख्य स्थान जें हिप्पोकॅम्पस, तोच होय. आणि १९९८ सालीं डी क्वेर्व्हान, रोझेंडाल व मॅगॉ यांनीं पाण्यांतील लपलेला चौथरा शोधावयास शिकलेल्या उंदरांना परीक्षेच्या अर्धा तास आधीं धक्का दिला. उंदरांना चौथऱ्याची जागा आठवेना. पण धक्क्यानंतर चार तासांनीं ज्यांची परीक्षा घेतली त्यांना ती नीट आठवली. शिकवण पुसली गेली नव्हती. तिच्यापर्यंत जाण्याचें दार तेवढा वेळ लागलें होतें. दोनच वर्षांनीं माणसांवर केलेल्या प्रयोगांतहि कॉर्टिसोन दिल्यावर पाठ केलेले शब्द आठवण्यास अडचण पडते असें आढळलें. उंदरावरून माणसाचें सारें अनुमान करणें बरें नव्हे. तथापि फळ्यापुढें उभा राहून येत असलेलें उत्तर विसरणारा मुलगा आणि त्याच्यावर ओरडणारे वडील, हें चित्र ज्या घरांत दिसत असेल त्या घरांत या प्रयोगाचा एकदां विचार व्हावा.

या साऱ्या इतिहासाचें सार काढावयाचें तर तें फार थोडक्या शब्दांत निघतें. संप्रेरक जनावराला विद्या शिकवीत नाहीं, आणि शिकलेली विद्या सहसा काढूनहि घेत नाहीं. शिकलेलें केव्हां बाहेर यावें, कोणता अनुभव खोल रुजावा आणि कोणत्या घटकेला आठवणीचें दार उघडें असावें, एवढेंच तें ठरवितें. मद चढलेला हत्ती, खच्ची केलेली चिमणी, घाबरलेला उंदीर आणि केमचा तो खोंड हे चौघे एकच साक्ष देतात. म्हणून ज्या जनावराला आपण मठ्ठ, लहरी किंवा कृतघ्न म्हणतों, त्याच्या अज्ञानाविषयीं निकाल देण्यापूर्वीं त्याच्या रक्तांत त्या घटकेस कोणता निरोप फिरत आहे हें पाहिलें पाहिजे. आसूड ओढला कीं जनावर शिकतें, ही समजूत अर्धीच खरी आहे. तें शिकतें खरें, पण बहुधा आसूड शिकतें, औत नव्हे.

मुक्कामाच्या शेवटच्या दिवशीं त्या खोंडाला प्रथमच जुवाला धरावयाचें होतें. खच्ची करण्यासाठीं पुढच्या महिन्यांत दवाखान्यांत न्यावयाचें ठरलेलें होतें. पण "तवर थोडी चाल तर कळू द्या त्येला" असें आबांचें म्हणणें. त्यांनीं त्याला जोडींतल्या म्हाताऱ्या बैलाशेजारीं उभें केलें, वेसणीला हात न लावतां मानेवर जूं ठेवलें, आणि नातवाच्या हातीं ज्वारीची अर्धी भाकरी देऊन त्याला पुढें चालावयास सांगितलें. गाई त्यांनीं आधींच ओढ्यापलीकडे धाडल्या होत्या. खोंडानें दोनदां मान झटकली, मग भाकरीचा वास घेत तो पावलें टाकूं लागला. कोणीं ओरडलें नाहीं. शेताच्या दोन फेऱ्या झाल्यावर आबांनीं जूं काढलें. "आज इतकंच. भ्यालं तर जलमभर ध्यानात ठेवतंय," असें ते म्हणाले. ॲड्रिनलीन हा शब्द त्यांनीं कधीं ऐकला नसेल. परंतु जनावराच्या रक्तांत कोणता निरोप धाडावयाचा हें पुष्कळ अंशीं धन्याच्याच हातीं असतें, हें त्यांना ठाऊक होतें.